डॉसच्या काळ्या पडद्यावर मजकूर: एडलिन, कॉपी कॉन, एडिट आणि त्यांचे भाऊबंद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुनं मशीन हाताला लागतं किंवा एम्युलेटरमध्ये हौसेने डॉस चढवलं जातं, आणि पहिल्याच दिवशी गाडी अडते ती साध्या टेक्स्ट फाइलमधली एक ओळ बदलण्यापाशी. माऊस नाही, मेनू नाही, आणि कळा दाबल्या तरी काही होताना दिसत नाही. या पानावर भर एमएस-डॉसवर, म्हणजे जुन्या पीसीच्या कमांड टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे; तिच्यासोबत येणारा, ओळीओळीने काम करणारा टेक्स्ट एडिटर म्हणजे एडलिन. सीपी/एम (डॉसच्या आधीची यंत्रणा) आणि युनिक्स लागतील तेवढे येतील. कमांड, फाइलींची नावं आणि कळा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरं दाबायची.

एडलिन सुरू केला की फक्त एक चांदणी (*) दिसते. माझी फाइल कुठे गेली?

कुठेही गेलेली नाही. ती मेमरीत आलेली आहे; तुम्ही ती दाखवायला सांगितलेलं नाही, एवढंच. एडलिन आपणहून काहीही दाखवत नाही. चांदणी म्हणजे ‘बोला, काय करू?’ तिच्यापुढे एल टाइप करून एंटर दाबा, फाइलच्या ओळी क्रमांकासकट समोर येतील. एका वेळी २३ ओळी दिसतात: चालू ओळीच्या आधीच्या ११, ती स्वतः आणि नंतरच्या ११.

फाइल उघडताना ‘एंड ऑफ इनपुट फाइल’ असा संदेश येतो आणि नवखा माणूस दचकतो. तो एरर नाही. फाइल शेवटपर्यंत वाचून झाली, सगळी मेमरीत मावली, असा त्याचा अर्थ. फाइल आधी अस्तित्वातच नसेल तर ‘न्यू फाइल’ असं येतं. जुनी फाइल उघडताना हा दुसरा संदेश दिसला तर मात्र थांबा: नाव टाइप करताना चुकलं आहे किंवा तुम्ही भलत्याच डिरेक्टरीत आहात.

आणखी एक गोंधळ. चांदण्या दोन प्रकारच्या असतात. ओळीच्या सुरुवातीला एकटी असलेली चांदणी हुकुमाची वाट बघते. ओळ क्रमांकानंतर कोलनला चिकटून आलेली चांदणी ‘चालू ओळ ही’ असं सांगते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की अर्धा एडलिन आला.

स्क्रीन समोर असताना ओळीच्या नंबराने बोलायचं ही काय पद्धत?

पद्धत स्क्रीनच्या आधीची आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत कॉम्प्युटरशी थेट बोलणारे बरेच लोक टेलिटाइपवरून बोलत, म्हणजे कागदाच्या रोलवर टकटक छापणाऱ्या यंत्रावरून. टेलिटाइपचं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापत असे, एका ओळीत ७२. आजच्यासारखी २४ ओळींची भरलेली स्क्रीन ‘दाखवायची’ म्हटली तर जवळपास तीन मिनिटं कागद खडखडत राहिला असता, आणि एक अक्षर बदललं की पुन्हा तीन मिनिटं. त्यामुळे एडिटर गप्प राहणार, सांगाल तीच ओळ छापणार, आणि हुकूम एकेका अक्षराचे असणार, हे ओघानेच आलं. केन टॉम्सन यांनी १९६९ मध्ये युनिक्ससाठी लिहिलेला ईडी हा एडिटर याच शिस्तीतला.

एडलिनची गोष्ट थोडी वेगळी. टिम पॅटरसन यांनी तो १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत ८६-डॉससाठी, म्हणजे एमएस-डॉसच्या पूर्वजासाठी लिहिला. काम दोन आठवड्यांचं, आणि तो फार तर सहा महिने चालेल असा त्यांचा अंदाज. ८६-डॉस ज्या एस-१०० जातीच्या मशीनवर चालायचं, त्यांना कोणत्याही कंपनीचं टर्मिनल जोडलेलं असायचं आणि कर्सर हलवण्याचे संकेत प्रत्येकाचे निराळे. ओळींचा एडिटर लिहिला की ही कटकटच संपते. कुठल्याही टर्मिनलवर तो चालतो. तात्पुरती सोय म्हणून निर्णय चोख होता.

पुढे मायक्रोसॉफ्टने ती यंत्रणा विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तो एडलिन पोटात घेऊनच. पीसीवर स्क्रीनची मेमरी थेट हाताशी होती, त्यामुळे पूर्ण पडद्याचा एडिटर बनवायला तांत्रिक आडकाठी उरली नव्हती. तरी जून १९९१ मध्ये एमएस-डॉस ५सोबत एडिट येईपर्यंत डॉससोबत मिळणारा एडिटर एडलिनच राहिला. सहा महिन्यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा दोष त्याच्या लेखकाला द्यायचं कारण नाही; दहा वर्षं तो कुणी बदलला नाही, हे मात्र मला आजही पटत नाही.

एखादी फाइल प्रत्यक्ष दुरुस्त करून दाखवाल का?

दाखवतो, आणि उदाहरण त्या काळात घरोघरी लागणारं घेऊ. डीबेस थ्री प्लस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम चढवला की कॉन्फिग.सिस या डॉसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये फाइल्सचा आकडा २० आणि बफर्सचा १५ करावा लागायचा. फाइल उघडली, एल दिलं, आणि हे दिसलं:

१:*फाइल्स=८
२: बफर्स=१०
३: डिव्हाइस=अँसी.सिस

पहिली ओळ बदलायची म्हणून चांदणीपुढे १ टाइप करून एंटर. एडलिन ती ओळ एकदा छापतो आणि खाली पुन्हा ‘१:*’ लिहून कोरी जागा देतो. इथे लोक फसतात. वाटतं, आता बाण दाबत पुढे जायचं आणि ८ खोडायचा. तसं नाही. जुनी ओळ आता साचा म्हणून मागे ठेवलेली आहे, आणि तुम्ही त्यातून हवा तेवढा भाग खाली उतरवून घ्यायचा आहे. एफ१ एक अक्षर उतरवतो. एफ२ दाबून एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या अलीकडपर्यंतचं सगळं उतरतं. एफ३ उरलेलं सगळं उतरवतो.

म्हणून: एफ२, मग ८. ‘फाइल्स=’ एवढं खाली आलं. २० टाइप करा, एंटर. झालं.

दुसरी ओळ: २, एंटर, मग एफ२ आणि शून्य. ‘बफर्स=१’ इथपर्यंत उतरतं. ५ दाबा, एंटर.

तिसरी ओळ गमतीची आहे. अँसी.सिस ही फाइल सी ड्राइव्हच्या डॉस डिरेक्टरीत हलवली आहे, तेव्हा तिच्या आधी ‘सी:\डॉस\’ घालायचं आहे. ३, एंटर, एफ२ आणि मोठ्या लिपीतलं (कॅपिटल) ए. ‘डिव्हाइस=’ आलं. आता लगेच टाइप करायला लागू नका. आधी इन्सर्ट कळ दाबा. मग ‘सी:\डॉस\’ लिहा, मग एफ३, आणि ‘अँसी.सिस’ पाठोपाठ येईल. इन्सर्ट विसरलात तर तुम्ही लिहिलेलं प्रत्येक अक्षर साच्यातलं एकेक अक्षर खाऊन टाकतं. ‘सी:\डॉस\’ रोमनमध्ये सात अक्षरांचं, ‘अँसी.सिस’ टिंबासकट आठ. एफ३ दाबल्यावर हातात येतं ते शेवटचं एकुलतं एस. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ड्रायव्हर सापडत नाही म्हणून बोंब.

शेवटी ई. फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि तुम्ही डॉसच्या प्रॉम्प्टवर परत येता. कॉन्फिग.सिस फक्त मशीन सुरू होताना वाचली जाते, तेव्हा रीबूट करा. फाइल बदलून लगेच डीबेस चालवून बघणारे आणि ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे तेव्हाही होते.

साच्याच्या भानगडीत न पडता ओळ बदलता येत नाही का?

येते. ओळीचा क्रमांक देऊन सगळी ओळ नव्याने टाइप करा, जुनी जाऊन नवी बसते. छोट्या ओळींना हेच बरं. फक्त लक्षात ठेवा, अर्धवट टाइप करून एंटर दाबलं तर तेवढीच ओळ राहते, बाकीची शेपटी उडते. काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर ओळ आहे तशी राहते.

याच एफ१, एफ२, एफ३ कळा डॉसच्या प्रॉम्प्टवरही चालतात. तिथे आधीची कमांड हा साचा असतो. म्हणजे एडलिनमध्ये हात बसला की तो दिवसभर उपयोगी पडायचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफ३ आजही मागची कमांड परत आणतो.

नव्या ओळी कशा घालायच्या? घातल्या की थांबायचं कसं?

३आय म्हणजे तिसऱ्या ओळीच्या आधी घाला. नंतर नव्हे, आधी. फाइलच्या शेवटी घालायच्या तर #आय. ते चिन्ह म्हणजे ‘शेवटच्या ओळीच्या पुढची जागा’. एडलिन एकामागून एक क्रमांक देत राहतो आणि तुम्ही लिहीत राहता. थांबायला कुठलाही शब्द किंवा हुकूम चालत नाही. जे लिहाल ते फाइलमध्येच जातं. काहींच्या फाइलींच्या शेवटी ई, क्यू, एक्झिट, क्विट अशा ओळींची रांग सापडते ती यामुळेच. नव्या कोऱ्या ओळीवर कंट्रोल-सी दाबा, चांदणी परत येईल.

ओळी खोडताना भलत्याच ओळी का जातात?

क्रमांक ओळीला चिकटलेले नसतात म्हणून. ते फक्त त्या घडीची मोजणी असते. ३डी दिलं की तिसरी ओळ गेली आणि चौथी क्षणात तिसरी झाली. समजा यादीत बघून तुम्ही ठरवलं की तिसरी आणि पाचवी ओळ काढायची. आधी ३डी, मग ५डी दिलंत तर दुसऱ्या खेपेला जी गेली ती मुळातली सहावी. म्हणून खालून वर या: आधी ५डी, मग ३डी. सलग ओळी असतील तर ३,५डी असं एकदम द्या. आणि खोडाखोडीनंतर दर वेळी एल.

क्रमांक न देता नुसतं डी दाबलं तर चालू ओळ जाते. पूर्ववत करण्याची सोय नाही. फार घोळ झाला तर क्यू दाबा. ‘अबॉर्ट एडिट’ असं विचारलं जातं, वाय म्हणा, आणि डिस्कवरची फाइल होती तशी राहते. एडलिनमधलं अनडू ते हेच.

शोधा आणि बदला?

आहे, आणि त्यातली मेख कुणी सांगितल्याशिवाय कळणं अशक्य. शोधायला एस, बदलायला आर. १,#आर लिहून पाठोपाठ जुना शब्द, मग एफ६, मग नवा शब्द, एंटर. मधला तो एफ६ पडद्यावर टोपीवाल्या झेडसारखा दिसतो आणि दोन शब्दांमधली भिंत म्हणून काम करतो. भिंत आणि नवा शब्द दोन्ही विसरलात तर एडलिन समजतो की जुना शब्द सगळीकडून काढून टाकायचा आहे, आणि काढून टाकतो.

आरच्या आधी प्रश्नचिन्ह घातलं तर प्रत्येक ठिकाणी ‘ओके?’ विचारून मगच बदलतो. सवय हीच लावा. लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते, आणि एसला चिकटून न लिहिता मध्ये जागा सोडली तर ती जागाही शोधली जाते.

मोठी फाइल अर्धीच उघडते. डिस्क खराब आहे का?

बहुधा नाही. एडलिन उपलब्ध मेमरीचा तीन चतुर्थांश भरेपर्यंत फाइल वाचतो आणि थांबतो. अशा वेळी ‘एंड ऑफ इनपुट फाइल’ हा संदेश येत नाही, ओळखायची खूण तीच. डब्ल्यू देऊन वरच्या काही ओळी डिस्कवर उतरवायच्या, ए देऊन पुढच्या आत घ्यायच्या. एकदा उतरवलेल्या ओळींकडे त्याच बैठकीत परत जाता येत नाही. आजच्या एम्युलेटरमध्ये ही वेळ सहसा येणार नाही.

बॅक या शेपटीच्या फाइली कुठून आल्या?

ई दिल्यावर एडलिन जुनी प्रत टाकून देत नाही, तिचं नाव बदलून शेवटी बॅक लावतो. चुकून वाट लावलीच तर तीच उपयोगी पडते. ती मात्र एडलिनमध्ये थेट उघडता येत नाही. आधी नाव बदला. यातली व्यावहारिक गोष्ट अशी की डिस्कवर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती मावतील एवढी जागा हवी. ३६० किलोबाइटच्या भरलेल्या फ्लॉपीवर हा प्रश्न नेहमीचा. ई देण्याआधी जागा बघून ठेवलेली बरी.

कॉपी कॉन म्हणजे एडिटर का?

नाही, पण कित्येकांनी त्यावरच दिवस काढले. कॉन म्हणजे कॉन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. ‘कॉपी कॉन अमुक.बॅट’ म्हणजे कीबोर्डवरून जे येईल ते त्या फाइलमध्ये उतरवा. ओळी लिहीत जा, शेवटी एफ६ किंवा कंट्रोल-झेड आणि एंटर. ‘१ फाइल(एस) कॉपीड’ असं आलं की फाइल तयार. कुठलाही प्रोग्रॅम लागत नाही, कारण कॉपी ही कमांड डॉसच्या मूळ कवचातच आहे. नुसत्या बूट फ्लॉपीवरून मशीन चालू केलं असेल तर हाताशी एवढंच असायचं.

मर्यादा उघड आहे: एंटर दाबलेली ओळ हातातून गेली. मागे जाता येत नाही. चूक दिसली तर कंट्रोल-सी दाबून सुटा आणि पहिल्यापासून लिहा. चार-पाच ओळींच्या बॅच फाइलीपुरतं (म्हणजे एकापाठोपाठ चालवायच्या कमांडची यादी) मी आजही हेच वापरतो.

एक धोका नीट समजून घ्या. त्याच नावाची फाइल आधी असेल तर कॉपी कॉन ती सरळ पुसून नवी लिहितं. एमएस-डॉस ६.२ पासून आधी विचारण्याची पद्धत आली, त्याआधी नाही. मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ‘एक ओळ घालायची’ म्हणून कॉपी कॉन ऑटोएक्झेक.बॅट दिलं की त्या फाइलमध्ये ती एकच ओळ उरते. शेवटी ओळ जोडायची असेल तर फाइलच्या नावापुढे अधिक चिन्ह आणि कॉन लिहा: ‘कॉपी ऑटोएक्झेक.बॅट+कॉन’. जुना मजकूर राहतो, नवा त्याच्या खाली येतो.

लिहिलेलं तपासायला टाइप ही कमांड. फाइल लांब असेल तर टाइपच्या पुढे उभी रेघ आणि मोअर. भरभर पळणारा मजकूर कंट्रोल-एसने थांबतो.

शेवट सांगायला कंट्रोल-झेडच का?

ही सीपी/एमची देणगी. गॅरी किल्डॉल यांची ती यंत्रणा १९७४ची. तिच्या डिरेक्टरीत फाइलची लांबी बाइटमध्ये लिहिलेली नसायची; १२८ बाइटचे किती तुकडे आहेत एवढंच. शेवटचा तुकडा अर्धाच भरलेला असेल तर मजकूर नेमका कुठे संपला ते कळणार कसं? म्हणून संपल्या जागी कंट्रोल-झेड ठेवायचं. डॉसमध्ये नेमकी लांबी नोंदवली जाऊ लागली, गरज संपली, पण जुन्या फाइली आणि जुन्या सवयींसाठी खूण राहिली.

त्यामुळे आजही कधीतरी गंमत होते. फाइलच्या मध्येच कुठेतरी हे चिन्ह घुसलं असेल तर टाइप कमांड तिथेच थांबते आणि पुढचा मजकूर हरवल्यासारखा वाटतो. आकडा बघा: फाइलींची यादी दाखवणाऱ्या डिर कमांडमध्ये फाइल मोठी दिसत असेल तर मजकूर सुखरूप आहे.

सीपी/एममधला ईडी एडलिनसारखाच आहे का?

त्याच्यापुढे एडलिन प्रेमळ वाटतो. ईडी उघडल्यावर फाइल मेमरीतसुद्धा येत नाही. #ए देऊन ती आधी आत ओढावी लागते. ओळींऐवजी त्यात एक अदृश्य काटा असतो, तो अक्षरांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो आणि सगळे हुकूम तिथून पुढे लागू होतात. बी देऊन काटा सुरुवातीला न्यायचा, #टी देऊन सगळं छापायचं. आणखी एक खोडी: मजकूर घालण्याचा आय हा हुकूम मोठ्या लिपीत दिलात तर पुढे लिहिलेलं सगळं मोठ्या लिपीत जातं. छोटा आय वापरा.

एडिट टाइप केल्यावर ‘क्यूबेसिक सापडत नाही’ असं का येतं?

कारण एमएस-डॉस ५मधला एडिट हा स्वतंत्र प्रोग्रॅम नव्हताच. एडिट.कॉम ही चिमुकली फाइल फक्त क्यूबेसिक या बेसिक भाषेच्या प्रोग्रॅमला हाक मारते आणि एडिटरच्या वेषात उभं करते. डिस्कवर जागा हवी म्हणून कुणी क्यूबेसिक.एक्झी उडवली की एडिट मेला. विंडोज ९५सोबत आलेला एडिट मात्र स्वतःच्या पायावर उभा आहे आणि एकाच वेळी अनेक फाइली उघडतो.

वापरायला तो सोपा: निळा पडदा, वर मेनू, ऑल्ट दाबला की मेनू जागा होतो. ऑल्ट-एफ आणि एक्स म्हणजे बाहेर. याबद्दल फारसे प्रश्न येत नाहीत, आणि चांगल्या एडिटरची ओळख तीच.

वर्डस्टारमध्ये कॉन्फिग.सिस बदलली आणि मशीन बिथरलं. काय झालं?

फाइल डी देऊन उघडली असणार. वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये दोन दारं होती: डी म्हणजे डॉक्युमेंट, एन म्हणजे नॉन-डॉक्युमेंट. डॉक्युमेंट पद्धतीत वर्डस्टार स्वतःच्या सोयीसाठी शब्दांच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवायचा. वर्डस्टारमध्ये सगळं ठीक दिसायचं. टाइप कमांडने बघितलं की प्रत्येक शब्दाच्या शेवटी ग्रीक अक्षरं आणि रेघोट्या. डॉसला असले शब्द कसे कळणार? बॅच फाइली, प्रोग्रॅम, कॉन्फिग.सिस यांना नेहमी एन.

आपल्याकडे ८०च्या दशकाच्या शेवटी आणि ९०च्या सुरुवातीला कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीने डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस याच क्रमाने किंवा थोड्याफार फरकाने शिकलेलं असतं. त्यांच्या बोटांत कंट्रोल-के-डी अजून असतं. कर्सर हलवायच्या ई, एस, डी, एक्स या चार कळा कीबोर्डवर चौकटच्या आकारात बसतात, बाण नसलेल्या कीबोर्डसाठी ती सोय होती. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनानेही त्याच कळा उचलल्या. हीच सवय घेऊन लिनक्सच्या टर्मिनलवर आलात आणि कंट्रोल-एस दाबलंत तर पडदा गोठतो. मशीन अडकलेलं नसतं, कंट्रोल-क्यू दाबा.

युनिक्सचा ईडी माझ्या प्रत्येक गोष्टीला नुसतं प्रश्नचिन्ह का देतो?

त्याचा तो एकमेव एरर संदेश आहे. दहा अक्षरं सेकंदाला छापणाऱ्या यंत्रावर लांब वाक्यात चूक समजावून सांगणं कुणालाच नको होतं. मोठ्या लिपीतलं एच दिलं की हल्लीचा ईडी कारणही सांगतो. बाकी कारभार थोडक्यात: ए देऊन लिहायला सुरुवात, एका ओळीवर फक्त टिंब देऊन शेवट, डब्ल्यूने जतन (किती बाइट लिहिले तो आकडा छापतो), क्यूने बाहेर. जतन न करता क्यू दिलं तर एकदा प्रश्नचिन्ह. पुन्हा क्यू दिलं तर निमूट बाहेर. एडलिनमध्ये फाइलचा शेवट # तर इथे डॉलर.

ईडी एडलिनच्या मानाने फार ताकदवान होता, कारण टॉम्सन यांनी त्यात नमुन्यांवरून शोधण्याची सोय घातली होती. ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’ या त्याच्या हुकुमाचा आकार जी, दोन तिरक्या रेघांत आरई (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना), आणि पी. त्यातूनच ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडचं नाव आलं. ली मॅकमहॉन यांचा सेड (फाइल न उघडता हुकुमाने मजकूर बदलणारा प्रोग्रॅम) त्याच वळणाचा, आणि व्हीआय या पूर्ण पडद्याच्या एडिटरमध्ये कोलन दाबून जे हुकूम दिले जातात त्यांचं कूळही हेच. आज सर्व्हरवर एखादी सेटिंग सेडने बदलणारा माणूस नकळत टेलिटाइपसाठी घडलेली भाषा बोलत असतो.

व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं?

एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. जतन करून बाहेर पडायचं तर एस्केप आणि मोठ्या लिपीत झेड दोनदा.

बाणांऐवजी एच, जे, के, एल या कळा का, हेही याच दमात विचारलं जातं. बिल जॉय यांनी बर्कलीत १९७६च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर. त्याच्या कीबोर्डवर बाण स्वतंत्र नव्हते, याच चार कळांवर छापलेले होते. एस्केपची कळही तिथे हाताशी होती, आज जिथे टॅब असतो तिथे.

या एडिटरांत मराठी लिहिता यायचं का?

साध्या डॉसमध्ये नाही. पीसीच्या अक्षरसंचात, म्हणजे कोड पेज ४३७ मध्ये, २५६ जागा होत्या आणि त्यांत इंग्रजी, थोडं युरोपीय, थोडं ग्रीक आणि चौकटी काढायच्या रेघा. देवनागरीला जागा नव्हती. वाट काढली ती पुण्याच्या सीडॅकने, जिस्ट कार्डाच्या रूपाने. त्या कामाची सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये झाली होती. हे कार्ड मशीनच्या आत स्लॉटमध्ये बसायचं, आणि मग डीबेससारख्या मजकुरावर चालणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या दिसायच्या. त्यामागची संकेतपद्धत इस्की, तिचं प्रमाण १९९१चं: खालच्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवून वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरं. वर्डस्टारची डॉक्युमेंट पद्धत ज्या आठव्या बिटावर हक्क सांगायची, तोच हा वरचा अर्धा.

आजची युनिकोडमधली मराठी फाइल डॉसच्या एडिटमध्ये उघडून बघा. प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटचं असल्यामुळे एकाच्या जागी तीन चिन्हं येतात, आणि त्यांतलं पहिलं दर वेळी ग्रीक अल्फा, दुसरं डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, कधी लहान कधी मोठा. फाइल बिघडलेली नसते. जतन न करता बाहेर पडा.

आज हे सगळं कुठे चालवून बघता येईल?

सगळ्यात सरळ वाट फ्रीडॉस. १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेली ही मुक्त यंत्रणा कुठल्याही व्हर्च्युअल मशीनवर चढते आणि तिच्यात एडलिन आणि एडिट दोन्ही नव्याने लिहिलेले आहेत. मूळ एडलिन कसा लिहिला होता ते वाचायचं असेल तर मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५, २.० आणि ४.०० या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला आहे. ३२-बिट विंडोजमध्ये एडलिन विंडोज १० पर्यंत टिकून होता. ६४-बिटवर तो नाही, आणि जुना एडिटही नाही. ती उणीव भरायला मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एडिट याच नावाचा नवा छोटा एडिटर काढला, पण त्याचा जुन्याशी नावापुरताच संबंध. युनिक्सचा ईडी लिनक्सवर पॅकेज म्हणून लगेच मिळतो, मॅकवर तर आधीच असतो.

लॅपटॉपवर सराव करताना एफ३ दाबल्यावर ओळ उतरण्याऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला, तर सोबत एफएन कळ दाबून बघा.